फटफटीची नस्ती

भाडेकरू म्हणून मी कशी आहे, याविषयीचा एक लेखी अभिप्राय माझ्यापाशी अजून आहे. "अर्जदार मुलगी सुस्वभावी दिसते. आवाज मोठा आहे. वडील रेल्वेत असल्याने वेळेची सवय असावी. वरची खोली देण्यास हरकत नसावी. आदेशार्थ सादर." खाली सही, आणि सहीखाली दोन ठिपके. त्याच्याही खाली वेगळ्या, गोल गोल अक्षरांत एकच शब्द होता : "बरं."

अभिप्राय घरमालकांचा, आणि "बरं" हा त्यांच्या बायकोचा आदेश. त्या वेळी काकू पोहे परतत होत्या. काकांनी कागद पुढे केला, त्यांनी पदराला हात पुसून सही केली, आणि परत पोह्यांकडे वळल्या. मी दारात ट्रंक घेऊन उभी. मला वाटलं, थट्टा चालली आहे. तसं नव्हतं. त्या घरात कागदावर आल्याशिवाय काही घडतच नसे.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे, वडील दुर्गला रेल्वेत. मला राजधानीतल्या एका नव्या खात्यात कारकुनाची नोकरी लागली आणि मी तात्यापाऱ्यात खोली शोधत आले. इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. काका त्याच खात्यात बडे बाबू होते. म्हणजे दिवसा ते माझे साहेब, आणि संध्याकाळी घरमालक. त्यांचे कोणी खापरपणजोबा मराठ्यांच्या अमलात नागपुराहून कारकुनीला इकडे आले, आणि तेव्हापासून घरात दर पिढीला एक तरी कारकून निघालाच. काकांच्या रक्तात शाई होती असं म्हणायला हरकत नाही.

आमचं ऑफिस एका जुन्या वसतिगृहात भरायचं. मी बसायचे ती खोली पूर्वीची मेसची कोठी होती, तिथे पावसाळ्यात कागदांना डाळीचा वास यायचा. भोपाळहून ट्रक भरभरून कागद आले होते, लाल कापडात बांधलेले, आणि कुठल्या गाठोड्यात काय आहे ते देवालाही ठाऊक नव्हतं. काकांना ठाऊक होतं. ते गाठोडं नुसतं हातात घेऊन, थोडं हलवून सांगायचे, "हे सिंचनाचं. हे आपलं नाही." फाईल या शब्दाचा त्यांना राग होता. कोणी "फाईल कुठे आहे" म्हटलं की त्यांना ऐकूच यायचं नाही. "नस्ती" म्हटलं की लगेच मान वर. त्यांच्या हाताखाली मी जे शिकले त्यातलं पहिलं वाक्य हे : "कारणाविना आदेश म्हणजे मिठाविना वरण. गिळता येते, पण अंगी लागत नाही." साहेबांनी नुसतं "नामंजूर" लिहून पाठवलं तर काका ती नस्ती परत वर पाठवायचे, कारण नमूद करावे ही विनंती, अशी चिठ्ठी लावून. एका साहेबांनी यावरून त्यांना खोलीत बोलावून झापलं. काकांनी झापून घेतलं आणि बाहेर येऊन परत चिठ्ठी लावली.

हीच रीत घरी. देवघरापाशी एक फडताळ होतं, त्यात घराच्या नस्त्या. गच्ची गळतीची नस्ती. शेजारच्या कडुनिंबाची फांदी आपल्याकडे येते त्याची नस्ती. कूलर घ्यावा की पंख्यावर भागवावे. मी जेवायला घरीच बसावं की डबा लावावा, यावर तर सहा पानं होती, आणि मी पहिल्या दिवसापासून काकूंच्या पंगतीला जेवत होते तरी ती नस्ती सहा महिने फिरत होती. शेवटी आदेश नेहमी काकूंचा. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांचा आदेश बहुतेक वेळा "बरं" हाच असे.

या सगळ्या शिस्तीत न बसणारी एकच वस्तू त्या घरात होती, ती म्हणजे काकांची फटफटी. काळी, जुनी, अंगानं म्हशीएवढी. तिला ते "बाई" म्हणत. "बाई आज गरम आहेत," "बाईंना तेल द्यायचं आहे." सकाळी नऊ चाळीसला बाई सुरू झाल्या की पाऱ्यातले लोक घड्याळ जुळवून घेत. काका बारा महिने, रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा, माकडटोपी घालत आणि तिच्यावर हेल्मेट चढवत, कारण कानात धूळ जाते. राजधानी झाल्यापासून धूळ फार झाली होती हे खरंच होतं. जिकडे पाहावं तिकडे रस्ता खणलेला, आणि भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत कोणालाही कशाबद्दलही विचारलं की उत्तर एकच, "राजधानी है न, दीदी."

मी मागे बसून ऑफिसला जायचे. तो प्रवास कोणावर येऊ नये. काकांना गाडी चालवताना गप्पा लागत, आणि उत्तर ऐकायला ते मान पूर्ण मागे वळवत. म्हणून मी सगळ्याला होकाराचं "हव" म्हणायला शिकले, म्हणजे त्यांना वळावं लागत नसे. दोन मिनीबसच्या मधून ते अशी गाडी काढत की माझी ओढणी एकीला पुसून जायची आणि चप्पल दुसरीला. मी ओरडले की म्हणत, "भेव कशाचं? बाई बसल्या आहेत न सांभाळायले." रविवारी मागे काकू बसत. मांडीवर पिशवी, पाठ ताठ, तोंड गच्च मिटलेलं. पाऱ्यातल्या बायका म्हणायच्या, बिचारी जीव मुठीत धरून जाते.

काका अभनपूरला दरवर्षी तांदूळ आणायला जायचे. तिथल्या एका शेतकऱ्याचा दुबराज तांदूळ, पन्नास किलोचं पोतं मागे बांधून. त्या वर्षी परत येताना संध्याकाळ झाली, रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, आणि एका वळणावर गिट्टीचा, म्हणजे खडीचा, ढीग अर्ध्या रस्त्यापर्यंत पसरलेला. काका ढिगावर गेले, बाई एकीकडे, काका दुसरीकडे, आणि पोतं फुटून तांदूळ सगळीकडे. हेल्मेटचे दोन तुकडे झाले. मांडीचं हाड मोडलं, तीन बरगड्या, खांद्याची हासळी. आजूबाजूच्या शेतांतून लोक धावत आले. त्यातल्या एकाने पुढचं सगळं आम्हाला इस्पितळात येऊन सांगितलं, नाहीतर आमचा विश्वास बसला नसता. काका शुद्धीवर होते. तो म्हणाला, मी विचारलं, "बाबू, पहिली तोला उठावन के चाउँर ला?" आधी तुला उचलू की तांदूळ?

काका म्हणाले, "चाउँर ला."

त्या लोकांनी दोन्ही उचललं. काका ट्रॅक्टरवरून इस्पितळात, आणि चौथ्या दिवशी मागोमाग तांदळाचं पोतं. त्यात तांदूळ होते, माती होती, आणि गिट्टी बरीच होती. काकू इस्पितळाच्या व्हरांड्यात सूप घेऊन बसल्या आणि बावीस दिवस तांदूळ निवडले. आत काका कण्हत होते, बाहेर सुपाचा आवाज. मध्येच काका आतून विचारायचे, "किती झाले?" काकू सांगायच्या, "अर्धे." मग ते शांत झोपायचे. पुढे सहा महिने आमच्या दाताखाली खडा आला की आम्ही त्याला अभनपूरचा खडा म्हणायचो आणि हसायचो. काका जगले याचाच तो आनंद होता, पण तसं कोणी म्हणत नसे.

मांडीत रॉड घालून काका घरी आले. आधी काठ्या, मग एक काठी, मग लंगडत ऑफिस, तेही शेजाऱ्याच्या स्कूटरवर. बाईंना पंडरीतल्या उस्तादानं नेलं. हा त्यांचा जुना मेकॅनिक. त्याने सगळे पत्रे ठोकून सरळ केले, टाकी रंगवली, आणि पाच महिन्यांनी चकचकीत गाडी अंगणात आणून उभी केली, टाकी काठोकाठ भरून. काका ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फडताळातून कोरा कागद घेतला, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं : "विषय : अपघातानंतर मोटारसायकल चालविणे चालू ठेवावे अथवा कायमचे सोडावे."

नस्ती फिरायला निघाली. काकांनी ती कोणावर सोडली नाही, स्वतः घेऊन फिरले. डॉक्टर नागपूरकडचे, चांगला माणूस. त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग काकांच्या पाठीवर ठेवला, आणि लिहिलं, "हाड उत्तम जुळले आहे. सावकाश चालवल्यास हरकत नाही." उस्तादानं हिंदीत लिहिलं, "गाड़ी नई से अच्छी है. बाबूजी के बिना किस काम की." काकांची मुलगी बिलासपूरला. तिला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदी. फोनवर ती आधी रडली, मग भांडली, मग म्हणाली, "पापा, आप घर में बैठ के दुखी रहोगे, वो मुझसे नहीं देखा जाएगा. चलाओ." काकांनी खाली नोंद केली, "दूरध्वनीवरून अभिप्राय प्राप्त. अनुकूल."

मग नस्ती माझ्याकडे आली. मी ठरवलं होतं की माझ्या गुरूसाठी एकदा असं टिपण लिहायचं की त्यांनी बघतच राहावं. दोन पानं लिहिली. तीस वर्षांचा अनुभव, दोष गिट्टीचा, चालकाचा नाही, माणसाचा उत्साह हे त्याचं अर्धं औषध, वगैरे वगैरे. शेवटी "सबब मोटारसायकल चालविणे चालू ठेवावे, ही नम्र शिफारस." मला वाटलं, काका खूश होतील. त्यांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला.

"इतकं कायले लिहिलं, पोट्टी?"

"काहून? चुकलं का काही, काका?"

"चुकलं नाही. मुद्देसूद आहे." त्यांचा चेहरा मात्र बढती नाकारल्यासारखा. "एखादी उणी बाजू मांडायची असते, तुले शिकवलं होतं न मी?"

मला फार लागलं. दोन दिवस मी जेवताना त्यांच्याशी बोलले नाही. काय माणूस आहे, म्हटलं, सगळं त्यांच्या मनासारखं लिहूनही यांचं तोंड वाकडं.

आदेश यायचा होता फक्त काकूंचा, पण नस्ती त्यांच्याकडे जाईना. काका रोज सकाळी अंगणात जात, बाईंना पुसत, स्टँडवरून काढत, वर बसत. एकदा किकही मारली. फट फट सुरू झालं, पाऱ्यातल्या दोन-तीन खिडक्या उघडल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांनी लगेच बंद केली. "पेट्रोल कमी वाटते," म्हणाले. उस्तादानं भरून दिलेली टाकी! दुसऱ्या दिवशी मागच्या चाकात हवा कमी होती. मी दाबून पाहिलं, दगडासारखं चाक. तिसऱ्या दिवशी अमावस्या. काकांनी जन्मात कधी अमावस्या पाळली नव्हती. वरून खिडकीतून मी पाहत होते. हँडलची मूठ त्यांनी इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती.

मी खाली स्वयंपाकघरात गेले. काकू भेंडी चिरत होत्या.

"काकू, काकांची तब्येत ठीक आहे न?"

"तब्येत ठीक आहे," काकू म्हणाल्या. "यायले भेव वाटून राहिलं."

"काकाले? भेव?"

"हव. झोपेत पाय दाबतात जोरानं, ब्रेक लावल्यावानी. मले रोज दिसते."

"मग नस्ती कायले काढली? आपलं सरळ सोडून द्यायचं न."

काकूंनी विळी आडवी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षं त्यायच्या हाताखाली काम करून राहिली, अन तुले समजलं नाही? जे करायचं असते त्याची नस्ती हे कधी काढतात का? फटफटी आणली तवा काढली होती? मले पाहायले आले तवा काढली होती? आल्या आल्या हो म्हणून मोकळे झाले. नस्ती काढली ती गच्चीची. चार वर्षं झाली, अजून बादल्या लावून राहिलो आपण. यायले वाटलं, डॉक्टर नाही म्हणन, पोट्टी नाही म्हणन, कोणी तरी म्हणन. तं तुम्ही सगळे हो हो लिहून राहिले. तू तं दोन पानं."

मला विळीखाली जावंसं वाटलं. सगळ्यांनी प्रेमापोटी त्या माणसाला मागून ढकलत ढकलत परत त्या गिट्टीच्या ढिगापर्यंत आणून ठेवलं होतं.

"मग तुम्ही सांगून टाका न त्यायले, नका चालवू म्हणून."

"कसं सांगू? तीस वर्षं भेव कशाचं, भेव कशाचं करत हिंडले. त्या माणसाले मी तोंडावर म्हणू, का तुम्ही भेले?" त्या परत भेंडीकडे वळल्या. "येऊ दे माझ्याकडे नस्ती. पाहतो मी."

रविवारी आली. काका आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून स्वयंपाकघरात आले, नस्ती ओट्यावर ठेवली, पेन उघडून दिलं. "आदेशार्थ," म्हणाले. काकूंनी आधी सगळे अभिप्राय वाचले, ओठ हलवत, एकेक ओळीवर बोट ठेवून. माझी दोन पानंही वाचली. मग शेवटी, जिथे इतकी वर्षं "बरं" येत असे तिथे, गोल अक्षरांत लिहिलं : "नाही."

काकांनी पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होते म्हणून सांगते, पाच महिने वर चढलेले ते खांदे एकदम खाली आले. चेहऱ्यावर असं सुख पसरलं की मला हसू आवरेना. झालं, संपलं, म्हटलं, आता पोहे खाऊ.

पण बडे बाबूच ते. तीस वर्षांची जीभ.

"कारण?" काका म्हणाले. "कारण नमूद नाही केलं. कारणाविना आदेश..."

आणि तिथेच थांबले. आपण काय मागितलं ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण चेहऱ्यावरचं सुख होतं तिथेच गोठलं. कारण तर एकच होतं, आणि ते आता कागदावर यायचं होतं, त्यांच्याच फडताळात, त्यांच्याच नस्तीत, कायमचं. मी काकूंकडे पाहिलं. नका लिहू, असं मला ओरडावंसं वाटत होतं. त्यांनी मात्र शांतपणे पेन परत घेतलं, "नाही"च्या पुढे सावकाश तीन शब्द लिहिले, आणि नस्ती काकांपुढे सरकवली.

"नाही. मला भीती वाटते."

काका किती तरी वेळ वाचत होते. तीन शब्दांना लागतो त्याहून फार जास्त वेळ. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू कढईतले पोहे हलवत होत्या, मागे वळल्या नाहीत. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि खाली लिहिलं : "आदेश पाहिला. पालन होईल." सही. दोन ठिपके. एक ठिपका जरा ओला उमटला.

बाईंना उस्ताद घेऊन गेला. काकूंनी हेडलाइटला हळदकुंकू लावलं, हँडलला हार घातला, सासरी पाठवल्यासारखं. काका तोपर्यंत भलतेच खुलले होते. ओट्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते, "काय करता साहेब, बायको भित्री आहे आमची! नाहीतर मी तं आजही जगदलपूरपर्यंत एका दमात गेलो असतो. पण आदेश म्हणजे आदेश." आतून काकू म्हणायच्या, "हव, हव, मी भेतो." पाऱ्यातल्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना पहिल्यापासून माहीतच होतं. मला त्या बायकांचा राग येत होता आणि काकांचाही थोडा येत होता, पण इतक्या दिवसांनी घर असं हसत होतं की तो राग टिकेना.

त्याच संध्याकाळी दोघं पंडरीला कापड घ्यायला निघाली. मलाही ओढलं. सायकलरिक्षा. काका आणि काकू वर बसली, मी पायाशी, पिशव्यांबरोबर. काकांनी सवयीनं माकडटोपी घातली होती. पाऱ्याबाहेर रस्त्याला थोडा उतार लागतो, तिथे रिक्षा आपोआप पळू लागली, आणि काकांनी बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरला. रिक्षावाल्यानं ब्रेक लावला. मी वर पाहिलं. काकूंचा पदर वाऱ्यावर उडत होता, डोळे चमकत होते, आणि त्या पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "भैया, ब्रेक मत लगाओ न. थोड़ा तेज जाने दो. और तेज."

रिक्षावाल्यानं वळून काकांकडे पाहिलं, काय करू म्हणून. काकांनी एक हात दांड्यावरून सोडवला, काकूंचा हात गच्च धरला, आणि डोळे मिटून म्हणाले, "जैसा बोलती है, वैसा करो."